जागच्या जागी चढलेला डोंगर

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबली की थोड्या वेळाने मागच्या डब्यांना एक हलका धक्का बसतो. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडली जातात, त्यांचा तो धक्का. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि तिथला सगळ्यात कडक चढ सदतीसास एक असा आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. टक्क्यांत मांडलं तर २.७.

आता कोपऱ्यावरच्या जिममध्ये जाऊ. ट्रेडमिलवर कानात गाणी घालून चालणाऱ्या माणसाने इन्क्लाइनचं बटण तीनदा दाबलं. पडद्यावर ३ हा आकडा आला, पुढची बाजू किंचित उचलली गेली, आणि तो चालतच राहिला. ज्या चढावर आगगाडीला मागून रेटा लागतो त्याहून उभ्या चढावर तो उभा आहे, याचा त्याला पत्ता नाही. आणखी दोनदा बटण दाबलं की माथेरानची छोटी गाडी आली. १९०७ साली सुरू झालेल्या त्या रुळांचा सर्वांत उभा चढ विसास एक, म्हणजे ५ टक्के. बहुतेक ट्रेडमिल १० किंवा १५ पर्यंत जातात. पोलादी रुळावर पोलादी चाक सहज घसरतं आणि पाऊल घसरत नाही, म्हणून ही तुलना इंजिनावर थोडी अन्यायाचीच आहे. पण त्या बटणामागे केवढी गोष्ट दडली आहे ते त्यातून कळतं.

या आकड्याचा अर्थ अगदी साधा आहे: आडवं शंभर गेलात तर उभं किती गेलात. १० म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर. शंभर टक्के म्हणजे उभी भिंत असं पुष्कळांना वाटतं, पण शंभर टक्के चढ म्हणजे जेमतेम ४५ अंश. उलट १५ टक्के म्हणजे फक्त साडेआठ अंश. कंपासपेटीतल्या कोनमापकावर साडेआठ अंश पाहिले तर हसू येईल इतके ते थोडे दिसतात. आपले डोळे मात्र चढाच्या बाबतीत भलतेच घाबरट आहेत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली लोकांना टेकड्यांसमोर उभं करून चढाचा अंदाज विचारला, तर पाच अंशांची टेकडी लोकांना वीसेक अंशांची वाटली. डोळ्यांनी हिशेब असा चौपट का वाढवावा? मला तर वाटतं, पुढे पायांना काय मोजावं लागणार आहे याची ती आगाऊ सूचना असावी. कारण पायांचा हिशेब पाहिला तर डोळे फारसे चुकलेले नाहीत.

त्या हिशेबाकडे जाण्याआधी एक कोडं सोडवायला हवं. ट्रेडमिलवर माणूस वर जातच नाही. अर्धा तास चढून झाल्यावर त्याचं डोकं छतापासून तितकंच दूर असतं. शाळेत शिकलो त्याप्रमाणे वजन उचललं गेलं नाही तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम झालं नाही. मग हा घाम कसला?

मॉलमध्ये खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून वर चढणारी पोरं आठवा. जिना ज्या वेगाने खाली येतो त्याच वेगाने पोरगं चढलं तर ते एकाच जागी राहतं, आणि तरीही दमतं. पायांना आजूबाजूच्या दुकानांशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्या दृष्टीने पायरी हीच जमीन, आणि त्या जमिनीवरून शरीर वर ढकलायचं आहे. जमीन खाली सरकते आहे की शरीर वर जातं आहे, हा फरक वेग एकसारखा असेल तर निसर्ग मानतच नाही. गॅलिलिओने सतराव्या शतकात शांत समुद्रातल्या जहाजाचं उदाहरण कल्पून मांडलेला नियम हाच: आतल्या माणसाला जहाज चाललं आहे की उभं आहे हे कुठल्याही प्रयोगाने कळणार नाही. ट्रेडमिलचा पट्टा हे तसंच एक जहाज आहे. त्यावरचा चढ खराखुरा चढ असतो. फक्त डोंगरच पायाखालून तितक्याच वेगाने खाली सरकत असतो.

पण ऊर्जा अशी हवेत विरून जात नाही. डोंगर चढलेला माणूस निदान उंचीच्या रूपात काहीतरी कमावतो. ट्रेडमिलवाल्याची कमाई कुठे जाते? ती पट्ट्यात जाते. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने १५ टक्के चढावर चालत असेल तर त्याचं शरीर पट्ट्याच्या मानाने दर सेकंदाला सुमारे वीस सेंटिमीटर वर चढत असतं. त्याची शक्ती काढली तर येते १४० वॅट. घरातले दोन जुने छतपंखे चालतील एवढी. ही शक्ती पाय पट्ट्याला मागे, खाली रेटून देतात, आणि तेवढं मोटरचं काम हलकं होतं. सपाटीवर चालणाऱ्या माणसापेक्षा चढावर चालणाऱ्या माणसाखाली मोटरला कमी ओढावं लागतं, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला खरोखर मौज वाटली. मोटर नसलेल्या, मध्ये खोलगट वळणाच्या ट्रेडमिल आता काही जिममध्ये दिसतात. त्या नेमक्या याच युक्तीवर चालतात. धावणारा जरा पुढे सरकला की वळणाच्या चढावर येतो आणि त्याचं वजनच पट्टा मागे लोटतं.

ही शक्ती वापरात आणण्याचा विचार पूर्वी झाला होता, पण त्याची आठवण सुखद नाही. विल्यम क्यूबिट या इंग्लिश अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी एक प्रचंड पायचक्र बनवलं. लांबलचक फिरतं पिंप, त्यावर पायऱ्या, वर धरायला दांडा. कैदी ओळीने उभे राहून चढायचे, आणि पायरी पायाखालून निसटत राहायची. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगातलं १८२१ चं चक्र त्या काळात फार गाजलं. कुठे त्यावर धान्य दळलं जाई, कुठे पाणी उपसलं जाई, आणि कुठे तर ते कशालाच जोडलेलं नसे, शिक्षा व्हावी एवढ्यासाठी नुसतं फिरे. कैद्यांचा चढ दिवसाला हजारो फुटांत मोजला जाई. ऑस्कर वाइल्डलाही शिक्षेच्या सुरुवातीला हे चक्र चढावं लागलं. आज आपण त्याच यंत्राच्या सौम्य वंशजावर महिन्याची फी भरून चढतो, आणि आपल्या १४० वॅटची पट्ट्याच्या घर्षणात नुसती ऊब होऊन जाते.

आता पायांच्या हिशेबाकडे. व्यायामाच्या प्रयोगशाळांतून एक ठोकताळा वापरला जातो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुस्तकांमुळे तो जगभर पसरला. शरीराच्या दर किलोमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू लागतो, ते त्यावरून काढतात. नुसतं बसून राहायला ३.५. सपाटीवर चालण्यासाठी दर मीटरला ०.१. आणि उभं चढण्यासाठी दर मीटरला १.८. आडव्या मीटरपेक्षा उभा मीटर अठरापट महाग! म्हणून तर तो छोटा आकडा एवढा गोंधळ घालतो. ताशी पाच किलोमीटरने सपाटीवर चालताना एकूण खर्च येतो सुमारे १२. चढ ८ केला की तो दुप्पट होतो. चढ १५ केला की ३४ वर जातो. ताशी नऊ किलोमीटरने सपाटीवर धावणाऱ्याचा खर्चही साधारण तेवढाच. म्हणजे शेजारच्या यंत्रावर धापा टाकत धावणारा तरुण आणि त्याच्या बाजूला चढावर शांतपणे पावलं टाकणाऱ्या काकू, दोघांचं हृदय एकाच तोडीचं काम करत असू शकतं. मात्र काकूंच्या गुडघ्यांवर धावण्यातले दणके बसत नाहीत.

त्या १.८ मध्ये आणखी एक गुपित आहे. एक किलो वजन एक मीटर उचलायला सुमारे ९.८ ज्यूल लागतात. १.८ मिलिलिटर प्राणवायूतून शरीराला मिळतात सुमारे ३७ ज्यूल. म्हणजे स्नायूंनी जाळलेल्या इंधनापैकी एक चतुर्थांशाहून थोडंच अधिक चढण्यात गेलं, उरलेल्याची उष्णता झाली. तोंडावर मुखवटा लावून श्वास मोजणाऱ्यांनी ट्रेडमिलवर काढलेल्या एका आकड्यात स्नायूची कार्यक्षमता लिहिलेली सापडते! धावण्याचा आकडा आणखी गमतीचा आहे. तिथे उभ्या मीटरचा भाव निम्मा, ०.९. त्याने हिशेब केला तर कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या वर जाते, आणि तेवढी कुठल्याही स्नायूची नसते. उलगडा असा की धावणारा सपाटीवरही प्रत्येक पावलाला वर उसळत आणि खाली येत असतो. वर जाण्याची थोडी किंमत त्याने आधीच मोजलेली असते. चढावर त्यातलीच काही उसळी कामी येते.

चढाच्या या गुणाचा सगळ्यात हुशार उपयोग केला तो एका हृदयरोगतज्ज्ञाने. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांनी टीएमटी करून घेतलेली असते. छातीवर तारा चिकटवून पट्ट्यावर चालवतात ती तपासणी. तिची सर्वांत प्रचलित पद्धत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट ब्रूस यांची, १९६३ साली प्रसिद्ध झालेली. त्याआधी हृदयाची परीक्षा घ्यायला रुग्णाला दोन पायऱ्यांवरून चढउतार करायला लावत. ब्रूस यांनी पहिल्याच टप्प्यात चढ ठेवला तब्बल १० टक्के, पण वेग ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालावी इतका संथ. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात: १२ टक्क्यांवर ४, मग १४ टक्क्यांवर साडेपाच. नुसता वेग वाढवत नेला असता तर बहुतेक रुग्णांना धावावं लागलं असतं. पन्नाशीच्या सगळ्यांना धावता येत नाही, आणि धावताना छातीवरच्या तारा इतक्या हलतात की आलेख वाचणं अवघड होतं. चढामुळे माणूस चालताचालताच हृदयाच्या कसोटीपर्यंत पोचतो. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी शरीर बसल्या जागेच्या सुमारे दहापट ऊर्जा खर्चत असतं, आणि पाय अजून चालतच असतात.

त्या तपासणीत तंत्रज्ञ हमखास सांगतो, दांडा घट्ट धरू नका. पडू नये म्हणून बोटं टेकवली तर चालतं, पण लोंबकळायचं नाही. त्यामागचं कारण जिममध्ये भिंतीवर लावावं असं आहे. पंधरा टक्के चढावर सत्तर किलोच्या माणसाच्या वजनाचा जो भाग त्याला उताराकडे खेचतो, तो भरतो सुमारे साडेदहा किलो. चढ चढणं म्हणजे ही साडेदहा किलोंची ओढ पायांनी पेलत राहणं. आता पुढचा दांडा धरून मागे रेलून चाललात तर ही ओढ हातांकडे जाते. दांडा यंत्राच्या सांगाड्याला पक्का आहे, तो पट्ट्याबरोबर सरकत नाही, म्हणून हातांना नुसतं धरून राहायचं असतं. साडेदहा किलोंची ओढ म्हणजे बाजारहाटाच्या दोन पिशव्या. हात ती सहज पेलतात. आणि त्या क्षणी पायांपुरता चढ शून्य होतो. पडद्यावर १५ दिसत राहतो, कॅलरींचा आकडाही दिमाखात पळत राहतो, कारण यंत्राला हात दिसत नाहीत. असा मागे झुकून, शरीर पट्ट्याशी काटकोनात ठेवून चालणारा माणूस जवळजवळ सपाटीवर चालत असतो. दांडा सोडून ६ वर चालणं त्याहून कितीतरी प्रामाणिक.

अमेरिकेत २०१९-२० मध्ये एक त्रिकूट समाजमाध्यमांवर फार गाजलं: चढ १२, वेग ताशी तीन मैल, वेळ तीस मिनिटं. लॉरेन गिराल्डो या तरुणीने ते लोकांपुढे आणलं आणि आपल्याकडच्या जिममध्येही त्याची साथ पसरली. असल्या फॅशनकडे मी सहसा संशयाने पाहतो, पण इथे हिशेब चोख आहे. अर्ध्या तासात चालणाऱ्याची उभी चढाई भरते सुमारे २८८ मीटर, म्हणजे चार कुतुबमिनार एकावर एक. दांडा न धरता हं.

प्रशिक्षकांच्या तोंडी आणखी एक वाक्य असतं, इन्क्लाइन नेहमी १ वर ठेवा म्हणजे बाहेर धावल्यासारखं होतं. याचा उगम एका खऱ्या प्रयोगात आहे. बाहेर धावताना हवा कापावी लागते, ट्रेडमिलवर ती कापावी लागत नाही. ग्रिफिथ पग या शास्त्रज्ञाने, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ तेच, पुढे दाखवून दिलं होतं की मध्यम पल्ल्याचे अव्वल धावपटू आपली सात-आठ टक्के ऊर्जा नुसती हवा कापण्यात घालवतात. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांनी १९९६ साली नऊ तयार धावपटूंना रस्त्यावर आणि ट्रेडमिलवर धाववलं. हवेची ती कसर १ टक्का चढाने भरून निघते, असं त्यांना आढळलं. पण त्यांचे धावपटू ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटरने पळत होते. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी पंधराऐवजी पाचने चाललात तर ती सत्तावीसपट कमी होते. तेव्हा संध्याकाळी रमतगमत चालणाऱ्याला हवेची भरपाई म्हणून १ ठेवण्याची काहीच गरज नाही. हवं तर ठेवावा, व्यायाम म्हणून.

आपल्या यंत्रावरचा आकडा खरा आहे का, हेही एकदा पाहून घ्यावं. पुढच्या बाजूला असलेली एक मोटर स्क्रू फिरवून सांगाडा उचलते. घरगुती यंत्रांत पुष्कळदा टक्के लिहिलेले नसतात, नुसती १ ते १५ अशी लेव्हल असते, आणि लेव्हल १५ म्हणजे १५ टक्के असेलच असं नाही. गवंड्याची लेव्हल-पट्टी आणि मोजपट्टी घेतली की झालं. आडव्या शंभर सेंटिमीटरमध्ये पट्टा जितके सेंटिमीटर चढला तितके टक्के.

पंधराच्या पुढचा चढ कसा असेल, हे कुतूहल शास्त्रज्ञांनाही होतं. इटलीच्या अल्बर्टो मिनेटी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली डोंगरी शर्यतींतल्या दहा अव्वल धावपटूंना अधिक ४५ टक्क्यांपासून उणे ४५ टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्यावर चालवलं आणि पळवलं. ४५ टक्क्यांवर चालण्याचा खर्च सपाटीच्या दहापटीच्या वर गेला. डोंगराच्या माथ्यावर कमीत कमी ऊर्जेत पोचायचं तर वाटेचा चढ किती असावा, याचंही उत्तर मिनेटींनी काढलं: पंचवीस टक्क्यांच्या आसपास. त्याहून सौम्य वाट उगाच लांबते, त्याहून उभी वाट दर पावलाला जास्त मागते. सह्याद्रीतल्या जुन्या पाऊलवाटा उभ्या धारेला भिडल्या की नागमोडी का होतात, याचा एक धागा मला इथे सापडतो. पुढे २०१६ साली कोलोराडो विद्यापीठात रॉजर क्रॅम यांच्या प्रयोगशाळेत ३९ अंशांपर्यंत तिरकी होणारी ट्रेडमिल वापरली गेली. दर मिनिटाला ठरावीक उंची गाठायची असेल तर अशा उभ्या चढांवर धावण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं, असं तिथे दिसलं. कळसूबाईच्या शिड्यांखाली कुणी पळून दाखवत असेल तर त्याला जाऊ द्यावं.

मिनेटींच्या उणे आकड्यांत मात्र मला जास्त रस आहे, कारण जिममधल्या बहुतेक यंत्रांवर ते नसतातच. उतारावर खर्च कमी होतो, पण सतत नाही. उणे १० टक्क्यांवर चालणं सगळ्यात स्वस्त, सपाटीच्या निम्म्या भावात. त्यापुढे ते पुन्हा महाग होत जातं, आणि उणे ४५ वर सपाटीच्या दुपटीला जाऊन पोचतं. कारण तिथे पाय ब्रेकचं काम करतात. मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होता ताण धरून ठेवतो, आणि या प्रकारच्या कामात स्नायूचे तंतू बारीक बारीक इजा सोसतात. सिंहगड चढताना छाती भरून येते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ज्या मांड्या बोंब मारतात त्या उतरणीच्या असतात. ट्रेडमिलचा डोंगर फक्त वर जातो. काही महागड्या यंत्रांवर उतार असतो, पण तोही सहसा उणे पाच-सहाच्या पुढे जात नाही. सुदैवाने स्नायूंची स्मरणशक्ती इथे दांडगी असते. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्यांना पुष्कळ कमी दुखवतो. तेव्हा पावसाळ्यानंतर राजगड किंवा रतनगड करायचा बेत असेल तर चढाची तयारी इन्क्लाइनवर खुशाल होऊ द्या. उतरणीसाठी मात्र आधीच्या पंधरवड्यात जवळची एखादी टेकडी गाठावी, निदान इमारतीची लिफ्ट वर जातानाच वापरावी आणि खाली पायीच यावं.